घोड्याची अनामत

तीन वर्षांपूर्वी माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या मोताळ्यातल्या विहाराच्या बाजूच्या खोलीत एक हजार रुपये अनामत भरली आणि एक वॉकर घरी आणला. हजर होतो आम्ही तिघे: मी, माझी पत्नी आणि त्या खोलीचा कारभार पाहणारे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणतात. जिच्यासाठी वॉकर घेतला ती माझी आई तिथे नव्हती. ती घरी खाटेवर होती आणि आम्ही तिला विचारलेही नव्हते.

त्या खोलीबद्दल आधी सांगतो. वस्तीने वर्गणी काढून आजारी माणसाला लागणाऱ्या काही वस्तू घेतल्या आहेत. दोन चाकांच्या खुर्च्या, एक संडासाची खुर्ची, डोक्याकडची बाजू हँडल फिरवून वर होणारी एक खाट आणि ॲल्युमिनियमचा एक वॉकर. ज्याला गरज असेल त्याने अनामत भरून न्यावे, काम झाले की धुऊन परत आणावे आणि आपले पैसे घेऊन जावे. भाडे नाही. मी एका पतसंस्थेत लेखापाल आहे, म्हणून या खोलीचा वर्षाचा हिशोब मीच तपासून देतो. आवक, जावक, शिल्लक सगळे माझ्या नजरेखालून जाते. तरी या हिशोबातली एक गोष्ट मला कधी दिसली नव्हती. ती आईला ठाऊक होती.

आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती. उमेदीची वर्षे तिने लोकांच्या शेतात निंदण-खुरपण केले आणि पुढे शाळेत पोरांची खिचडी शिजवली. दोघींनी धरून उतरवायचे पातेले ती एकटी उतरवायची आणि त्याचा तिला अभिमान होता. पौषात न्हाणीत पाय घसरून ती पडली आणि उजवा खुबा मोडला. बुलढाण्याला ऑपरेशन झाले, आत सळी बसवली. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावले की आता सगळे व्यायामावर आहे. पाय हलवला तर चालेल, नाही हलवला तर खाटेवरच जाईल. मलकापूरहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून दोनदा स्कूटीवर येऊ लागली. पाय गुडघ्यात दुमडा, सरळ करा, उचलून धरा, असे ती शिकवायची. घोट्याला बांधायला थोडे वजन लागेल म्हणाली, तेव्हा पत्नीने जुन्या उशीच्या अभ्र्याच्या दोन पिशव्या शिवल्या आणि प्रत्येकीत अर्धा किलो तुरीची डाळ भरली.

आई काही करेना. ती मुलगी समोर असली की दोन वेळा पाय उचलायची आणि तिची पाठ वळली की पाय खाली. कारणे मी तेव्हा मनात मांडून पाहिली होती. दुखायचे, हे तर होतेच. पुन्हा पडेन ही भीती होती. लाजही होती. लुगडे सावरत, मुलाच्या डोळ्यांसमोर, खाटेवर उताणे पडून पाय वर करायचे हे तिला घाण वाटायचे. पण या सगळ्याच्या खाली आणखी एक कारण होते आणि ते तिने एकदा सांगून टाकले.

"चालून जायचं कुठी हाये मले आता?"

मी आकडे सांगितले. ऑपरेशनला किती लागले, औषधाला किती, मी किती रजा काढली. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मंग तुह्या पैशासाठी चालू का मी?" पुण्याला शिकणाऱ्या माझ्या मुलाला मी फोनवर समोर बसवले, आजी चालून दाखव ना, असे त्याच्याकडून म्हणवले. तिने हाताने फोनचा पडदाच झाकला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज व्यायाम झाला की बरोबरची खूण करायचे ठरवले. त्या महिन्याचे पान कोरेच राहिले.

अशा वेळी वॉकर आला. मी तो तिच्या खाटेजवळ उभा केला. धरायच्या दोन्ही दांड्यांना निळ्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती. आई बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिली.

ती पट्टी तिनेच गुंडाळलेली होती. दोन गल्ल्या पलीकडे तिची मैत्रीण राहायची. शेतात एका ओळीत निंदायच्या त्या दोघी, पुढे शाळेत एकाच चुलीवर खिचडी शिजवायच्या. मैत्रिणीला संधिवाताने धरले तेव्हा हाच वॉकर तिच्याकडे गेला. थंडीत ॲल्युमिनियम हाताला चावते म्हणून आईने आपले जुने लुगडे फाडून त्याला पट्ट्या बांधल्या. पुढे मैत्रीण उठेनाशी झाली. आदल्या दिवाळीला ती गेली तेव्हा वॉकर तिच्या खाटेच्या उशाशी उभा होता. मातीला गेलेल्या सगळ्या बायांनी तो पाहिला होता.

आई एवढेच म्हणाली, "हा इथं काऊन आणला?"

मी सांगितले की अनामत परत मिळते, आपले काही जात नाही. ती म्हणाली, "बाहीर ठेव." मी तो ओसरीत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने पत्नीकडे डाळीच्या पिशव्या मागितल्या. एक पिशवी हातात दाबून पाहिली, डाळ जुनी आहे, किडेल, म्हणाली, आणि पायाला बांधून घेतली. त्या दिवसापासून कॅलेंडरवर खुणा पडू लागल्या. दुखायचे, डोळ्यांतून पाणी यायचे, पण ती मोजलेले पुरे करायची. फिजिओथेरपिस्ट मुलीला वाटले की तिच्या समजावण्याचा परिणाम झाला. मला वाटले माझ्या कॅलेंडरचा. ऑफिसात मी दोघा-तिघांना सांगितलेसुद्धा की म्हातारी माणसे ऐकत नाहीत असे नाही, त्यांच्यासमोर नीट तक्ता ठेवावा लागतो.

खरे कारण चैत्रात कळले. शेजारची बाई आईला भेटायला आली होती. दोघी आत बसल्या होत्या आणि मी ओसरीत गाडी पुसत होतो.

"काय वं, घोडा तुह्याकडं आला म्हणते," शेजारीण म्हणाली. वॉकरला आमच्या गल्लीतल्या बाया घोडा म्हणतात हे मला तेव्हाच समजले.

"आला ना. तो काय उभा हाये."

"तिघाइच्या घरी गेला तो. तिघंबी गेले."

"तू मोजून राह्यली काय?"

"सारी गल्ली मोजते, माय."

मग आईचा आवाज आला. "मंग माह्यं बी मोज. मी त्याले जितेपणी परत नेऊन देईन. माह्या पायानं. तू तवा दारात उभी राह्य फक्त."

मी संध्याकाळी सरांना विचारले. सर जपून बोलणारे आहेत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की अजून तरी वॉकर कोणी स्वतः घेऊन आलेले नाही. मुले आणतात. स्वच्छ धुऊन आणतात, पैसे घेतात, खाली मान घालून जातात. मी इतकी वर्षे त्याच नोंदी तपासत होतो. अनामत परत, एक हजार. रक्कम बरोबर आहे की नाही एवढेच मी पाहिले. ती परत का मिळाली हे त्या रकान्यात नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

म्हणजे आईला चालायचे नव्हते. तिला तो वॉकर घरातून काढायचा होता. त्याच्याआधी स्वतः जायचे नव्हते.

उन्हाळा आला. आमच्याकडे वैशाखात सकाळी आठ वाजता ऊन डोक्यात जाते, म्हणून ती झुंजूमुंजू असतानाच उठायची. आधी ओसरीपासून फाटकापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग पिठाच्या गिरणीपर्यंत. घरी आली की वॉकर बाहेरच ठेवायची. त्याला खोलीत येऊ द्यायचे नाही हा तिचा नियम होता. खोलीत ती भिंत धरून चालायची. ओट्यांवर बसलेली माणसे थट्टा करायची. एकाने विचारले, "काय आजी, घोडा पळवून राह्यल्या?" आई थांबली नाही. "पळवून नाई राह्यली रे, हाकलून राह्यली," म्हणाली.

थट्टा तिला आवडायची. लोक पाहतात म्हटल्यावर ती पाठ ताठ करायची. ती आधीच्यासारखी बोलू लागली, स्वयंपाकात खोट काढू लागली. पत्नी म्हणायची की घरात पुन्हा सासू आली.

फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितले की दिवाळीपर्यंत वॉकर सोडायचा नाही. हाड जुळले असले तरी मांडीत अजून जोर नाही. आईने मात्र आषाढ पौर्णिमा ठरवून टाकली होती. त्या दिवशी विहारात पावसाळ्याचा तीन महिन्यांचा वर्षावास सुरू होतो, सगळी वस्ती जमते. सगळ्यांसमोर द्यायचा, हे तिच्या मनात पक्के होते. मी त्या मुलीची बाजू घेतली. आई म्हणाली, "दिवाळीलोक राह्यला त मंग तो मलेच घेऊन जाईन."

आषाढ पौर्णिमेला सकाळी ती पांढरे लुगडे नेसून निघाली. आमच्या घरापासून विहार अर्ध्या किलोमीटरपेक्षा थोडे कमी आहे. रात्री शिंतोडे पडून गेले होते, रस्ता चिकट होता. वॉकर पुढे ठेवायचा, एक पाय, दुसरा पाय, पुन्हा वॉकर. मी बाजूने चालत होतो. गिरणीशी ती बाकावर बसली आणि पाणी प्यायली. विहाराच्या आधी एक लहानसा चढ आहे, तिथे तिने वॉकर एका हाती धरला आणि दुसऱ्या हाताने माझे कोपर पकडले. इतके घट्ट की दुसऱ्या दिवशी हात काळानिळा होता. फाटक दिसताच तिने माझे कोपर सोडले.

वंदना व्हायची होती. बाया सतरंजीवर बसल्या होत्या. आई खोलीच्या दारात उभी राहिली आणि सरांना म्हणाली, "घ्या तुमचा घोडा." सरांनी वॉकर घेतला. रजिस्टरवर तिची सही घेतली आणि शंभराच्या दहा नोटा तिच्या हातात ठेवल्या. तिने त्या दोनदा मोजल्या. शेजारीण बायांत बसली होती. आईने तिच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, "मोज."

बाया हसल्या. आईही हसली. त्यानंतर तिला तसे हसताना मी पाहिले नाही.

घरी आम्ही ऑटोने आलो. मी तिच्यासाठी एक काठी आणून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पत्नीला सांगितले की पिशव्यांतली डाळ काढ आणि शिजवून टाक, नाहीतर किडेल. पत्नीला वाटले नवी डाळ भरायची असेल. आई म्हणाली, नवी कशाला?

"अन् व्यायाम?"

"दिला ना परत. आता कशाले?"

त्या दिवशी आम्ही ते वरण जेवलो.

मी समजावले. फिजिओथेरपिस्ट मुलगी आणखी दोनदा आली. आईने तिला चहा दिला, तिच्या लग्नाची चौकशी केली आणि वाटेला लावले. वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होते. पहिले काही दिवस ती ऑटोने गेली, मग पाय दुखतो म्हणाली, मग विषयच काढेना. काठी कोपऱ्यात उभी राहिली. बाहेर पडायला तिला कारण नव्हते आणि आता घरात भ्यायलाही काही नव्हते. मला डॉक्टरांच्या एका वाक्याची आठवण व्हायची की व्यायाम जन्मभर करायचा आहे. जन्मभर हा शब्द बहात्तर वर्षांच्या माणसाला कसा ऐकू येत असेल याचा विचार ते वाक्य ऐकताना मी केला नव्हता. परत नेऊन देणे हे काम तिला समजत होते. त्याला शेवट होता. पातेले उतरवले की काम संपले, तसे.

भाद्रपदात मी एक दिवस सरांकडे गेलो आणि संडासाची खुर्ची मागितली. आईला तिची गरज नव्हती. ती खुर्ची समोर दिसली तर आई पुन्हा उठेल असा माझा हिशोब होता. सरांना मी खरे कारण सांगितले. सर म्हणाले, धाक दाखवायला वस्तू देता येणार नाही, उद्या खरोखर कोणाला लागली तर काय सांगू? मी रिकाम्या हाताने परत आलो. पत्नीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "दुसरं भेव कुठून आणसान? एकच होतं, ते त्याइनं संपवलं."

पत्नी आईला आंघोळ घालायची. तिनेच मला सांगितले की मांडी परत बारीक होत चालली आहे. उन्हाळ्यात हाताला घट्ट लागायची, आता कातडी हातात येते.

मार्गशीर्षात आई उंबऱ्यात अडखळून अंगणात पडली. या वेळी डावा पाय. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितले की हृदय भूल सोसणार नाही. घरी न्या, दुखणार नाही असे पाहू. येताना ॲम्ब्युलन्समध्ये ती पूर्ण वेळ जागी होती. मोताळा आल्यावर तिने विचारले, आता काय आणणार, खाट ना? मी हो म्हणालो.

खाटेची अनामत दोन हजार होती. मी निघालो तेव्हा तिने पत्नीला उशाखालची कापडी पिशवी काढायला लावली. आत त्या शंभराच्या दहा नोटा होत्या. तिने त्या खर्चल्या नव्हत्या. मला म्हणाली, "यात माह्ये अर्धे धर." मी नको म्हणालो. तिने नोटा माझ्या हातात कोंबल्या.

"ही खाट मी परत नेत नाई. तू नेशीन. माह्ये हजार मंग घोड्यावर ठेव. माह्यामागून जो त्याले पायानं परत नेईन, त्याले दे."

मी सवयीने म्हणालो, "माय, नाव नसल्यावर पावती कोणाच्या नावानं फाडू?"

"घोड्याच्या नावानं फाड."

हिवाळाभर ती त्या खाटेवर होती. शेवटी शेवटी पाठीला जखमा झाल्या. पत्नी दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायची आणि त्या वेळी आई भिंतीकडे तोंड करून दात दाबायची. व्यायामाबद्दल ती कधी काही बोलली नाही आणि आम्हीही नाही. एकदा मात्र तिने विचारले की घोडा सध्या कोणाकडे आहे. मी म्हणालो, खोलीतच आहे, कोणी नेला नाही. "असू दे," म्हणाली.

फाल्गुनात ती गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी खाट फिनेलने पुसून परत नेली. सरांनी दोन हजार दिले. मी एक हजार घेतले आणि एक हजार पाकिटात घालून तिथेच ठेवले. वर काय लिहायचे हे मला सुचेना. माणसाचे नाव नसलेली रक्कम मी आयुष्यात कधी नोंदवली नव्हती. शेवटी लिहिले: वॉकर.

पावसाळ्यात वॉकर रोहिणखेडला गेला. दोन महिन्यांनी त्या घरचा जावई घेऊन आला. धुतलेला होता. निळी पट्टी तशीच होती. पाकिटाला मी हात लावला नाही.

दिवाळीनंतर तो आमच्याच गावातल्या एका निवृत्त एसटी ड्रायव्हरकडे गेला. त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन डावी बाजू कमजोर झाली होती. पहिले काही दिवस तेही उठायचे नाहीत. मग कोणीतरी त्यांना आईची गोष्ट सांगितली. त्यांची पत्नी मला पुढे म्हणाली की ते दिवसभर धुमसत होते. खिचडी शिजवणारी बाई घोडा नेऊन देते आणि आपण जन्मभर घाटात गाडी चालवली, असे म्हणून दुसऱ्या दिवशी उठले. हजार रुपयांचे त्यांना ठाऊक नव्हते.

वैशाख पौर्णिमेला ते वॉकर घेऊन विहारात आले. अर्थात कोपऱ्यापर्यंत ऑटोने आले आणि तिथून चालत. सरांनी त्यांची अनामत त्यांना दिली आणि मला बाजूला घेऊन विचारले की हे धरायचे का? मी विचार केला. आई घरापासून चालली होती. पण चढावर तिने माझे कोपर धरले होते आणि ते मी कधी मोजले नव्हते. धरा, म्हणालो.

मी पाकीट आणले आणि त्यांना सगळे सांगितले. ते खूश झाले, खुर्चीत बसले, पाय पसरले. मी सहज विचारले की आता पुढे काय, फिरणे चालू ठेवणार ना?

"आता कशाले? सुटलो ना एकदाचा."

हातातल्या नोटा मी पुन्हा पाकिटात घातल्या आणि त्यातली एकच काढून त्यांना दिली. बाकीच्या दर पौर्णिमेला एकेक, म्हणालो, पण चालत येऊन न्यायच्या. घरापासून.

ते भडकले. "माह्ये हप्ते बांधून राह्यला का बे तू? पतसंस्था समजला काय?" त्यांची पत्नी तोंडाला पदर लावून हसत होती. घरी माझ्या पत्नीने मात्र ऐकवले की आईंनी हप्त्यांचे काही सांगितले नव्हते. तिचे म्हणणे बरोबर आहे. आईच्या शब्दांत हप्ते नव्हते. मी तिच्या पैशांत माझी अट घातली, आणि ती घालताना मला आई दिसत नव्हती, तिची मांडी दिसत होती.

ते ज्येष्ठात आले, आषाढात आले. मला शिव्या घालत यायचे. शंभर रुपये त्यांना लागत होते असे नाही, पेन्शन होती. या लेखापालाला माझे पैसे बुडवू देत नाही, असे ते वाटेत भेटेल त्याला सांगायचे. शिव्या देत चालणारा माणूस चालतो तरी, असे मला वाटायचे. पावसात काठी उजव्या हातात आणि छत्री डाव्या कमजोर हातात घेऊन आले तेव्हा मीच म्हणालो की आज राहू द्यायचे होते. त्यांनी नोट खिशात घातली आणि परत निघाले. कार्तिक पौर्णिमेला आले ते शेवटचे. त्यानंतर काही दिवसांनी दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. मी मातीला गेलो होतो. खाटेजवळ वॉकर नव्हता, काठी होती.

मार्गशीर्ष पौर्णिमेला त्यांची पत्नी विहारात आली. पांढऱ्या लुगड्यात, एकटी, चालत. त्यांना कमरेचा त्रास आहे, हे मला माहीत होते. मी उरलेले तीनशे एकदम काढून पुढे केले. त्यांनी त्यातली एक नोट घेतली आणि दोन माझ्या हातात परत दिल्या.

"एकच दे. बाकीच्याले येईन मी."

त्या पौषात आल्या. माघ पौर्णिमेलाही आल्या, फाटकाशी थोडे थांबल्या, मग आत आल्या. वॉकर तेव्हा वडनेर भोलजीला कोणाकडे तरी होता, अजून तिथेच आहे. शेवटची शंभराची नोट मी त्यांच्या हातात दिली, सरांच्या समोर, आणि पाकिटावर लिहिले: ड्रायव्हर, सातशे. त्यांची पत्नी, तीनशे. शिल्लक नाही.